‘एका स्टारवर जिंकायची स्पर्धा’? २०२५च्या बिली जीन किंग कपचे निकाल काही वेगळंच सांगतात

बिली जीन किंग कप ही महिला टेनिसमधली देशांच्या संघांची जागतिक स्पर्धा. तिच्या प्लेऑफ फेरीत नोव्हेंबर २०२५मध्ये बेंगळुरूत भारतीय महिला संघ दोन्ही लढती हरला आणि तेव्हापासून टेनिसप्रेमींमध्ये एक म्हणणं पुन्हा पुन्हा ऐकू येतंय. या स्पर्धेत क्रमवारीत वर असलेली खेळाडू ज्याच्याकडे, तो देश जिंकतो. उरलेलं काम घरचं मैदान करतं. दुहेरी म्हणजे निव्वळ भरती. त्याआधी एप्रिलमध्ये पुण्यात आशिया-ओशनिया गट एकमध्ये भारत नशिबानं दुसरा आला आणि बेंगळुरूत त्याची खरी जागा कळली.

हे सगळं चूक आहे, कारण लढतीची रचना न बघताच ते बोललं जातंय. म्हणून आधी रचना. एका लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी, असे तीन सामने, प्रत्येक जास्तीत जास्त तीन सेट्सचा. जिंकलेल्या प्रत्येक सामन्याचा एक गुण. तीनपैकी दोन जिंकणारा देश लढत जिंकतो. पहिल्यांदा दोन्ही देशांच्या ‘क्रमांक दोन’ खेळाडू समोरासमोर येतात, मग ‘क्रमांक एक’, शेवटी दुहेरी. त्या दिवशी एकेरीला उतरवलेल्या दोघींपैकी जागतिक क्रमवारीत वर कोण, यावरून हे क्रमांक ठरतात. फॉर्मात असलेल्या खेळाडूला कर्णधार मनाला येईल त्या जागी खेळवू शकत नाही. तिच्या जोडीला कोणाला उतरवायचं, एवढंच त्याच्या हातात असतं.

‘क्रमवारीत वर असलेलीच जिंकते’

२१ सप्टेंबर २०२५, शेन्झेन, अंतिम लढत, इटली विरुद्ध अमेरिका. पहिल्या एकेरीत जागतिक क्रमवारीत ९१वी असलेली एलिझाबेट्टा कोचारेत्तो आणि १८वी असलेली एमा नवारो. कोचारेत्तोनं ६-४, ६-४ असा सामना घेतला. दुसऱ्या एकेरीत आठव्या स्थानावरच्या जास्मिन पाओलिनीनं सातव्या स्थानावरच्या जेसिका पेगुलाला ६-४, ६-२ असं हरवलं. म्हणजे दोन्ही सामन्यांत क्रमवारीत खाली असलेली खेळाडू जिंकली. दुहेरी खेळवायची वेळच आली नाही आणि इटलीनं सलग दुसऱ्या वर्षी कप उचलला.

हा एका दिवसाचा चमत्कार नव्हता. उपांत्यपूर्व फेरीत यजमान चीनविरुद्ध याच कोचारेत्तोनं युआन युएला ४-६, ७-५, ७-५ असं हरवून इटलीला पहिला गुण मिळवून दिला होता. या स्पर्धेत संघाची खरी ताकद क्रमांक दोनच्या जागी कळते. अव्वल खेळाडू बहुतेक बलाढ्य संघांकडे असते. तिच्यासमोर तिच्याच तोडीची प्रतिस्पर्धी येते, त्यामुळे तिथला गुण कुणाच्याही पदरात पडू शकतो. क्रमांक दोनच्या जागी मात्र देशादेशांत मोठी तफावत असते आणि लढत बऱ्याचदा तिथेच झुकते.

‘स्टार असली की पुरे’

नुसती एकेरी खेळणारी स्टार एका लढतीत जास्तीत जास्त एक गुण आणते. पाओलिनी दोन आणू शकते, कारण ती दुहेरीही तितक्याच ताकदीनं खेळते आणि शेजारी सारा एरानी असते. या जोडीकडे पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्णपदक आहे. उपांत्य फेरीत युक्रेनविरुद्ध कोचारेत्तो मार्ता कोस्त्युककडून हरली. पाओलिनीनं पहिला सेट गमावूनही एलिना स्वितोलिनाला ३-६, ६-४, ६-४ असं हरवलं आणि लगेच एरानीबरोबर दुहेरीला उतरून ६-२, ६-३ असा निकाल लावला. स्वितोलिना युक्रेनची स्टारच, पण तिच्यामागे अशी घडी बसलेली जोडी नव्हती.

‘दुहेरी म्हणजे भरती’

मला सर्वांत जास्त खटकणारा मुद्दा हाच. ही स्पर्धा १९६३मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर सुरू झाली, तेव्हा तिचं नाव फेडरेशन कप होतं. त्या पहिल्याच अंतिम लढतीत अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया १-१ असे बरोबरीत होते आणि निकाल दुहेरीनं लावला. डार्लीन हार्ड आणि बिली जीन मॉफिट, म्हणजे पुढची बिली जीन किंग, यांनी ३-६, १३-११, ६-३ असा सामना काढला.

भारताचा अनुभव याहून वेगळा नाही. मार्च २०२०मध्ये दुबईत आशिया-ओशनिया गट एकमध्ये भारत पहिली लढत चीनकडून हरला. मग उरलेल्या चारही जिंकून दुसरा आला आणि पहिल्यांदाच जागतिक प्लेऑफमध्ये पोचला. शेवटची लढत इंडोनेशियाशी होती. ऋतुजा भोसले पहिली एकेरी हरली, अंकिता रैनानं दुसरी जिंकली आणि १-१ असताना सानिया मिर्झा व अंकितानं दुहेरी ७-६, ६-० अशी घेतली. ती दुहेरी गेली असती तर तो प्लेऑफ दिसला नसता.

दुहेरीबद्दल आणखी एक बारकावा. जाहीर केलेली जोडी दुसरी एकेरी संपल्यावर थोड्याच वेळात बदलण्याची मुभा कर्णधाराला असते. इथेच अनेक संघ फसतात. एकेरी जिंकून आलेल्या खेळाडूला, पाय जड झालेले असतानाही, जोशात दुहेरीला उतरवलं जातं. एकेरीची सवय असलेली खेळाडू बेसलाइनवर मागे राहते, जोडीदारीण नेटवर एकटी पडते आणि समोरची जोडी मधून फटके काढते. म्हणूनच बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेसारखी मुख्यतः दुहेरी खेळणारी खेळाडू संघात ठेवणं ही चैन नाही. ती नसेल तर १-१ला आलेल्या लढतीत कर्णधाराच्या हाती फक्त दमलेले पाय उरतात.

‘घरचं मैदान जिंकवतं’

यजमानाला कोर्टचा प्रकार निवडता येतो, सराव सोयीनं होतो, प्रेक्षक आपले असतात. हा फायदा खराच. पण अंतिम टप्प्यात पोचण्यासाठी एप्रिल २०२५मध्ये झालेल्या पात्रता फेरीचे (पुण्याच्या स्पर्धेहून वरची पातळी) सहा गट बघा. टोकियोत जपान जिंकला. ऑस्ट्रावात चेक संघ घरी असताना स्पेन पुढे गेला, ब्रिस्बेनमध्ये कझाकस्तान, स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हात अमेरिका, नेदरलँड्समधल्या हेगमध्ये ब्रिटन आणि पोलंडमधल्या राडोममध्ये युक्रेन. सहापैकी फक्त एक यजमान पुढे गेला. पोलंड घरी खेळत होता, पण त्या वेळी त्यांची अव्वल खेळाडू इगा श्वियांतेक संघात नव्हती. सप्टेंबरमध्ये शेन्झेनला यजमान चीन पहिल्याच लढतीत बाद झाला.

बेंगळुरूच्या उंचीचा भारताला फायदा मिळायला हवा होता, असंही सांगितलं जातं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर आहे. तिथे हवा विरळ असल्यामुळे चेंडू थोडा जास्त उडतो. खेळाडू रॅकेटच्या तारा थोड्या घट्ट बांधून घेतात आणि एक-दोन सराव सत्रांत अंदाज येतो. उंचीवरचे खास चेंडू नियमाप्रमाणे सुमारे १,२०० मीटरच्या वर वापरले जातात, त्यामुळे इथे चेंडू नेहमीचेच. हा फरक युरोपातल्या व्यावसायिक खेळाडूंना अडवण्याइतका मोठा नाही.

‘पुण्यात नशीब, बेंगळुरूत खरी जागा’

पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या कोर्टवर ८ ते १२ एप्रिलला सहा देश होते आणि प्रत्येकाला पाच दिवसांत पाच लढती. भारत पहिली लढत न्यूझीलंडकडून हरला, मग थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई आणि दक्षिण कोरिया यांना हरवून दुसरा आला आणि बेंगळुरूच्या प्लेऑफमध्ये पोचला. पाच लढतींत सलग टिकून राहणं याला नशीब कसं म्हणायचं? श्रीवल्ली भमिडिपाती तेव्हा क्रमवारीत ३००च्या आसपास होती आणि तिनं पाचही एकेरी जिंकल्या. न्यूझीलंडविरुद्ध सहजा यमलापल्ली क्रमांक एकला असल्यामुळे श्रीवल्ली क्रमांक दोनला खेळली आणि समोर न्यूझीलंडची दुसरी खेळाडू आली. कर्णधार विशाल उप्पल यांची ही निवड त्या रचनेला धरूनच होती.

बेंगळुरूत भारत, स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स असा तिघांचाच गट होता आणि पुढे एकच संघ जाणार होता. सहाच्या गटात एक लढत हरून सावरायला जागा असते, तिघांच्या गटात जवळपास नसते. शिवाय त्या फेरीत असे सात गट होते. म्हणजे २१ देशांपैकी ७ पुढे गेले आणि १४ आपापल्या खंडाच्या गट एकमध्ये आले. पुण्यात पहिला आलेला न्यूझीलंडही त्या चौदांत होता, कारण त्याच्या गटात श्वियांतेकसह उतरलेला पोलंड होता.

भारत कमी पडला तो युरोपच्या पहिल्या दोनशेतल्या खेळाडूंसमोर दोन्ही एकेरी तोलून धरण्यात. त्याला उपाय आहे, पण तो संघनिवडीत नाही. श्रीवल्ली, सहजा आणि वैदेही चौधरी यांना वर्षभर भारताबाहेर डब्ल्यू५०, डब्ल्यू७५ दर्जाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मधल्या पातळीच्या स्पर्धा खेळाव्या लागतील. पहिल्या दोनशेत किमान दोघी असल्याशिवाय पुढच्या प्लेऑफमध्येही क्रमांक दोनची एकेरी युरोपीय संघाकडेच झुकेल आणि मग दुहेरीची जोडी कितीही चांगली असली तरी लढत तिच्यापर्यंत पोचण्याआधीच संपेल.