१९२ मतं आणि ७६८ मतं

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, म्हटलं की लोक आधी आकडा सांगतात. अकरा वेळा आमदार! पहिला विजय १९६२चा, अकरावा २०१४चा. मतदारसंघ तोच, पक्ष तोच शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), खांद्यावरचा लाल बावटाही तोच. पण आबासाहेब कळायला हवे असतील, तर ते पडले त्या दोन निवडणुका आधी बघाव्यात, असं मला वाटतं.

पहिली १९७२ची. दोन टर्म आमदार राहिलेला माणूस पडला. दोनच वर्षांनी, १९७४ला पोटनिवडणूक लागली आणि लोकांनी त्यांना परत विधानसभेत धाडलं.

दुसरी १९९५ची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते. शहाजीबापू पाटील जिंकले, फरक १९२ मतांचा. एखाद्या वाडीत असतात तेवढी मतं! आबासाहेबांचं वय साठीच्या पुढे गेलेलं, राज्यात शेकाप आटत चाललेला. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणापासून, म्हणजे विरोधकांनाही आपल्यात सामावून घेण्यापासून, शेकापची माणसं काँग्रेसमध्ये जातच होती, आणि तिकडे सत्ता होती, कारखाने होते. आबासाहेब गेले नाहीत. १९९९ला त्याच चिवटपणे उभे राहिले आणि निवडून आले.

हे कसं जमलं? प्रचार पंधरा दिवसांचा नव्हता, म्हणून जमलं. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचं पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावं यासाठी वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदा चालल्या होत्या. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी होती. एसटीने फिरणारा आमदार लोकांनी डोळ्यांनी बघितला होता. अशा माणसाला निवडणुकीत नव्याने काय सांगायचं असतं? लोकच वर्गणी काढायचे. आज विधानसभेच्या उमेदवाराला कागदोपत्री ४० लाखांपर्यंत खर्च करता येतो आणि प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळेच बघतो. वर्गणीवर लढलेला उमेदवार निवडून आल्यावर वर्गणी देणाऱ्यांचा असतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

सत्तेबद्दलही बोलायला हवं. एवढ्या वर्षांत मंत्रिपद मिळालं दोनदा, १९७८ला आणि १९९९ला. बाकी जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर. 'सत्तेत नसेल तर तालुक्याचा विकास कसा होणार' असं आता प्रत्येक पक्षांतरानंतर ऐकवलं जातं. ते ऐकलं की मला सांगोला आठवतो आणि मनापासून राग येतो.

शहाजीबापूंनाही त्यांचं श्रेय द्यायला हवं. तेही हरले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले, तरी मैदान सोडलं नाही. २०१९ला आबासाहेबांनी वयामुळे थांबायचं ठरवलं. त्यांचा नातू डॉ. अनिकेत देशमुख उभा राहिला आणि शहाजीबापूंनी ७६८ मतांनी जागा घेतली. म्हणजे या तालुक्यात मत खरोखर मोजलं जातं. एका घरातले चार जण मतदानाला गेले नाहीत तरी इथे फरक पडतो.

एक गोष्ट मात्र मला टोचते. २०१९ला नातू, २०२४ला दुसरा नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. २०२४ला शिंदेंच्या शिवसेनेचे शहाजीबापू आणि उद्धव ठाकरेंच्या पक्षाचे दीपक साळुंखे अशा तिरंगी लढतीत बाबासाहेब निवडून आले. शेकापची जागा परत आली याचा आनंद मला झाला, खोटं कशाला बोलू. पण पन्नास वर्षं गावोगाव कार्यकर्ते घडवणाऱ्या पक्षाला घराबाहेरचा उमेदवार उभा करता येऊ नये? आबासाहेब स्वतः कुणाचे वारस म्हणून आले नव्हते. पेनूरचा एक वकील सांगोल्यात आला, लोकांचे खटले लढला, मग आमदार झाला. तशी वाट आज एखाद्या तरुण वकिलाला, शिक्षकाला, डाळिंबवाल्या शेतकऱ्याच्या पोराला मोकळी आहे का? नव्या आमदारांनी पुढच्या पाच वर्षांत ती वाट करून द्यावी, ही माझी त्यांच्याकडून पाण्याइतकीच मोठी अपेक्षा आहे.

३० जुलै २०२१ला आबासाहेब गेले. १९६२च्या, १९७४च्या प्रचाराला सायकलवर, बैलगाडीत फिरलेली माणसंही आता फार थोडी उरली असतील. तुमच्या घरात कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा, मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. विशेषतः १९९५च्या मतमोजणीनंतर आबासाहेब दुसऱ्या दिवशी कुठे गेले आणि काय बोलले, ते नक्की विचारा.