"आजोबांना माया, आम्हाला फक्त बीपीचा पट्टा" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू आमच्या नर्सिंग इन्चार्जबाईंसोबत बसून वाचला. डेंग्यूसाठी ॲडमिट असताना रात्री झोपमोड करून बीपी घेतलं, प्लेटलेट किती विचारलं तर "डॉक्टर राऊंडला सांगतील" एवढंच उत्तर मिळालं, आणि शेजारच्या आजोबांची मात्र सारखी विचारपूस होत होती, असं तुम्ही लिहिलं आहे.

आधी बीपीचं. डेंग्यूत ताप उतरला की पेशंटला बरं वाटू लागतं, पण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागलं तर वरचं आणि खालचं बीपी जवळ येतं. दोन्हींतला फरक २० किंवा त्याहून कमी झाला तर ते शॉकचं, म्हणजे शरीराला पुरेसा रक्तपुरवठा न होण्याचं, लक्षण असतं, आणि पेशंट तोवर नीट बोलतही असतो. म्हणून रात्री दोनलाही पट्टा बांधावा लागतो, पेशंट पंचविशीचा असो की पंच्याहत्तरीचा. हे असंच चालू राहील.

आजोबांच्या आजाराविषयी इथे काही लिहिणं योग्य नाही. पण ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. सिस्टरने कुठल्या कॉटपाशी किती थांबायचं हे वयावर नाही, आजारावर ठरतं.

आता तुमचा खरा मुद्दा, म्हाताऱ्यांची विचारपूस होते आणि तरुणांकडे दुर्लक्ष होतं हा. वयस्कर पेशंट नर्सिंगवर जास्त खूश असतात, हे ठिकठिकाणच्या पाहण्यांत दिसलं आहे. पण त्या कौतुकावर मी विसंबून राहत नाही. आमच्याकडचे कितीतरी आजी-आजोबा तहान लागली तरी बेल दाबत नाहीत, "कशाला त्या पोरीला त्रास" म्हणतात. शिवाय त्यांच्याजवळ सून नाहीतर मुलगी बसलेली असते. पाणी तीच देते, सलाईन संपत आलं की तीच हाक मारते. त्यांच्या समाधानात तिचाही वाटा असतो. शिकायला, नोकरीला पुण्यात एकट्याने राहणाऱ्या मुलामुलींजवळ रात्री कोणीच नसतं, रूममेट आला तर डबा देऊन जातो. त्यांचा सगळा भार सिस्टरवरच असतो. त्यामुळे नर्सिंग कसं आहे हे अशाच पेशंटकडून जास्त कळतं, असं मला मनापासून वाटतं.

प्लेटलेटच्या आकड्याचा अर्थ सांगणं डॉक्टरचं काम, पण रिपोर्टमधला आकडा जाणून घेणं तुमचा हक्क आहे. रिपोर्ट आला की सिस्टरने तो पेशंटला लगेच सांगायचा, असं तिन्ही शिफ्टना कळवलं आहे. ज्यांच्याजवळ कोणी नाही अशा पेशंटची नोंद आता ड्युटी बदलताना वेगळी दिली जाईल.

केसपेपरची प्रत हवी असेल तर रिसेप्शनवर अर्ज द्या, ७२ तासांच्या आत मिळेल. संध्याकाळी ओपीडी संपल्यावर मी इथेच असतो. ती फाईल समोर ठेवून रात्रीच्या बीपीच्या सगळ्या नोंदी तुम्हाला समजावून सांगायला मला आवडेल.