आवाज किती वाजता थांबणार, तेवढं सांगा

दर भाद्रपदात पुण्या-मुंबईतला तोच वाद परदेशातल्या मराठी माणसांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर येऊन थडकतो. एक म्हणतो, डीजेच्या भिंतींनी म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं हैराण झालीत, बंद करा. दुसरा म्हणतो, वर्षातून दहा दिवस आमचा सण, तेव्हाच बरे तुम्हाला डेसिबल आठवतात. मग जर्मनीतून कोणीतरी लिहितं, ‘इकडे बघा, रविवारी टाचणी पडली तरी ऐकू येते.’ हे तिसरं वाक्य वाद मिटवत नाही, उलट भडकवतं. शिवाय ते अर्धंच खरं आहे.

म्युनिकचंच घ्या. जगातला सर्वांत मोठा बिअर महोत्सव, ऑक्टोबरफेस्ट, याच शहराच्या मध्यवस्तीतल्या मैदानावर दोन आठवड्यांहून जास्त चालतो. तिथेही आवाजावरून कुरबुरी झाल्या. २००५ पासून तिथे साधा नियम आहे. संध्याकाळी सहापर्यंत तंबूत फक्त पारंपरिक ब्रास बँड, तोही ८५ डेसिबलच्या आत. सहानंतर नाचगाणी, आणि साडेदहाला वाद्यं बंद. उत्सव कोणी रद्द केला नाही, फक्त दिवसाचे दोन भाग पाडले. मुलाबाळांना आणि आजीआजोबांना घेऊन येणारा माणूस दुपारी येतो, कारण सहापर्यंत काय ऐकावं लागणार ते त्याला माहीत असतं.

त्याआधी दहा वर्षं, मे १९९५ मध्ये, याच शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, तेही आवाजाच्या बाजूने. शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे एका बिअर गार्डनला रात्री लवकर बंद करायला सांगितलं होतं. झाडाखाली बसून गप्पा मारणं ही आमची संस्कृती आहे, असं ते लोक म्हणत होते. ओळखीचं वाटतं ना? १९९९ मध्ये बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात येतं त्याच्या, सरकारने खास नियमावली काढली. त्यानुसार बिअर गार्डन रात्री अकरापर्यंत चालू शकतं, पण गाणंबजावणं दहाला थांबतं. आणि २०११ मध्ये जर्मन संसदेने कायद्यात लिहून टाकलं की बालवाडीतल्या आणि खेळाच्या मैदानावरच्या मुलांचा कलकलाट हा साधारणपणे त्रासदायक आवाज मानायचाच नाही. जर्मन माणूस जन्मतः शांत असतो, असं काही नाही. इथे जर्मनीतही भांडणं झाली, फक्त ती तासांवर आणि आकड्यांवर येऊन मिटली.

आकड्यांत तर आपण मागेही नाही. भारताच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. जर्मनीत कारखाने, यंत्रं, हॉटेलं यांच्या आवाजासाठी सर्वसाधारण निवासी भागात ती ५५ आणि ४० आहे. रात्र दोन्हीकडे दहा ते सहा. म्हणजे दिवसाचा आकडा तोच, रात्रीचा पाचने कमी. मग घरात बसलेल्या माणसाच्या मनावर इतका वेगळा परिणाम का होतो?

कानाला पापणी नसते. झोपेतही आवाज मेंदूपर्यंत पोचतो, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल वाढतं. माणूस जागा होईलच असं नाही. सकाळी त्याला काही आठवत नाही, फक्त चिडचिड होते आणि कामात लक्ष लागत नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा म्युनिकमधलाच आहे. मे १९९२ मध्ये शहराच्या रीम भागातलं जुनं विमानतळ एका रात्रीत बंद झालं आणि शहराच्या ईशान्येला नवं सुरू झालं. संशोधकांनी दोन्ही ठिकाणच्या शाळकरी मुलांना आधीपासून तपासायला घेतलं होतं. विमानं गेली तिथल्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं, विमानं आली तिथल्या मुलांचं घसरलं, आणि शरीरातली तणावाची लक्षणंही वाढली. मुलं तीच, घर तेच, बदलला तो आजूबाजूचा आवाज.

पण नुसती पातळी पुरेशी नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मध्येच केव्हाही येणारा कर्कश आवाज ऐकवत कामं करायला बसवलं. काहींच्या हाताशी एक बटण दिलं. फारच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका, एवढं सांगून. बहुतेकांनी दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेली अवघड कोडी सोडवताना बटणवाल्यांनी जास्त चिकाटी दाखवली आणि मुद्रितं तपासताना कमी चुका केल्या. आवाज दोघांना सारखाच होता. एकाला तो थांबवता येण्यासारखा वाटत होता, एवढाच फरक.

माझ्या मते आपल्याकडच्या वादाची गाठ इथे आहे. रात्री साडेअकराला खाली ठोके चालू असताना माणसाला सर्वांत जास्त छळतो तो प्रश्न असतो, ‘हे कधी संपणार?’ उत्तर कोणाकडे नसतं. मंडळाचा कार्यकर्ता डीजेवाल्याकडे बोट दाखवतो, डीजेवाला मिरवणुकीच्या क्रमाकडे, पोलीस बंदोबस्ताकडे. नदीकाठी आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या ढोल-ताशा पथकांच्या सरावाचंही तेच. पथकातल्या पोरांची मेहनत खरी आहे, पण काठावरच्या इमारतीत दहावीच्या अभ्यासाला बसलेल्या पोरीला सराव आठला संपणार की साडेनऊला, हे कळायला हवं.

आवाज मोजण्यातही एक मेख आहे, ती दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवी. आपली मर्यादा ‘ए’ मापनात आहे. हे मापन खर्जातला आवाज वजा करतं, ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल. म्हणजे त्या पट्टीतला १०० डेसिबलचा ठोका मीटरवर ७४ दिसतो. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाला त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतला जो आकडा कमी असेल त्याच्या वर जाता येत नाही. म्हणजे व्यापारी भागात दिवसा कागदावर सगळं नियमात, आणि इकडे काचा थरथरतायत, छातीत धडधडतंय. जर्मनीत अशा वेळी खर्ज फारसा वजा न करणारं ‘सी’ मापनही घेतात आणि दोन्हींत २० पेक्षा जास्त फरक असला तर खर्जाची वेगळी तपासणी करतात. साध्या ध्वनिमापकावरही ए आणि सीची कळ असते. मोबाइलवरचं अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक, पुरावा म्हणून नको, कारण फोनचा माइक खर्ज नीट पकडत नाही. पंधरा मिनिटांची सरासरी, भिंतीपासून लांब, साधारण दीड मीटर उंचीवर, दोन्ही कळांवर, वेळ लिहून ठेवून, अशी नोंद करावी. मर्यादा दहा डेसिबलने ओलांडली की २०००च्या त्याच नियमांतल्या नियम ७खाली तक्रार करता येते. निवासी भागात रात्री हा आकडा ५५ होतो.

‘मग जर्मनांसारख्या खिडक्या बसवा’ हा सल्लाही इकडून नेहमी जातो. त्यात तथ्य किती ते बघू. सव्वा मीटर बाय सव्वा मीटरच्या आसपासच्या खिडकीला चारी बाजूंनी तीन मिलिमीटरची फट राहिली, तर ती क्षेत्रफळाच्या जवळपास एक टक्का भरते. एक टक्का फट असली की काच कितीही जाड घाला, आवाज २० डेसिबलच्या पुढे कमी होत नाही. आपल्याकडच्या स्लायडिंग खिडकीत ही फट असतेच आणि तिच्यातल्या लोकरीच्या पट्ट्या काही वर्षांत झिजतात. पट्ट्या बदलणं हा सर्वांत स्वस्त उपाय. पुढचा उपाय म्हणजे रबर गॅस्केट असलेली, कडीने आवळली जाणारी खिडकी. त्याच्याही पुढे, आत दहा सेंटिमीटर अंतर सोडून दुसरी खिडकी, आणि तिची काच वेगळ्या जाडीची. दोन्ही काचा सारख्या असल्या तर एकाच सुराला दोन्ही झंकारतात. एवढं करूनही खर्ज भिंतीतून येतोच.

आणि मुख्य म्हणजे म्युनिकची शांतता बंद खिडकीची आहे. आपलं घर उघड्या खिडकीवर चालतं. मे महिन्यात नागपुरात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये पुण्यात खिडक्या गच्च लावून एसी चालवणं सगळ्यांना परवडत नाही, आणि उघडी खिडकी जेमतेम १०-१५ डेसिबल अडवते. म्हणून आपल्याकडे आवाज जिथे निघतो तिथेच आवरावा लागणार, इथल्यापेक्षा जास्त काटेकोरपणे.

एक गोष्ट इकडच्या मराठी लोकांनीही मान्य करावी. शांतता फुकट मिळत नाही. नोव्हेंबरात साडेचारला अंधार, तीन काचांची खिडकी बंद, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेली आई दिवसभर घरात एकटी. कुकरच्या शिट्ट्या नाहीत, दारावर भाजीवाली नाही, शेजारचा रेडिओ नाही. हे आवाज तिकडे तिला सांगत असतात की आजूबाजूला माणसं आहेत. ते गेले की मन खचतं, आणि ते आपल्या लक्षात उशिरा येतं. अशा घरात दिवसातून दोनदा अंगणाच्या बाजूची खिडकी उघडावी, शाळा सुटायच्या वेळी आईला मैदानाजवळच्या बाकावर न्यावं, ठरल्या वेळी मराठी रेडिओ लावावा.

तिकडे महाराष्ट्रात करण्यासारखी पहिली गोष्ट तर अगदीच छोटी आहे. ध्वनिवर्धक रात्री दहाऐवजी बारापर्यंत वाजवायची सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस देता येते, आणि ते दिवस आगाऊ जाहीर करावे लागतात. म्हणजे यादी असते. ती प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागावी. तिच्याखाली मंडळाच्या मिरवणुकीची आणि पथकाच्या सरावाची सुरू व्हायची आणि संपायची वेळ, आणि त्या वेळेला जबाबदार असलेल्या एका माणसाचा फोन नंबर. तिसऱ्या मजल्यावर फरशा कापायचं काम निघालं असेल, तर त्याचे तासही तिथेच.