रिकाम्या जागा भरा

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. घाईत असाल तर लाइक करून पुढे जा, राग मानणार नाही.

लायब्ररीत बसून लिहितेय. तीन टेबलं पलीकडे लेक एका रिटायर्ड बाईंसमोर बसली आहे. त्यांच्याकडे येते नंतर. आधी चार वाजताचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला शांत वाटणार नाही.

आमची कन्या इथे न्यू जर्सीत अकरावीला आहे आणि यंदा तिने एपी यूएस हिस्टरी घेतलंय. तिकडच्या मंडळींसाठी: शाळेत असतानाच कॉलेजच्या तोडीचा विषय, मे महिन्यात सव्वातीन तासांचा पेपर, आणि शेवटी हातात एक ते पाचमधला एक आकडा. चार किंवा पाच आला की बरीच कॉलेजं क्रेडिट देतात. अभ्यासक्रम १४९१ पासून, म्हणजे कोलंबस यायच्या आदल्या वर्षापासून, थेट आजपर्यंत. ५५ मिनिटांत ५५ पर्यायी प्रश्न, ते तिला जमतात. पोरगी बुडते ती डीबीक्यूत, म्हणजे कागदपत्रांवरच्या प्रश्नात. सात कागद पुढ्यात टाकतात, कुणाचं पत्र, कुणाचं भाषण, एखादं व्यंगचित्र, आणि म्हणतात, ह्यांच्या आधाराने तुमचं म्हणणं तासाभरात मांडा. कोणी लिहिलंय, कोणासाठी, कोणत्या प्रसंगात, हे ओळखायचं. शिवाय त्या सात कागदांबाहेरचा, स्वतःच्या डोक्यातला एक नेमका पुरावा द्यायचा, त्याचा एक मार्क वेगळा. एकूण पेपरात ह्या एका प्रश्नाला २५ टक्के.

शाळेतले सर चांगले आहेत हो. पण नव्वद पोरांचे निबंध वाचायचे तर माणूस किती वाचणार! तिच्या मागच्या निबंधावर एकच शेरा होता, 'अधिक विश्लेषण हवे.' हा शेरा तर माझ्या आयुष्यावरही लिहिता येईल.

म्हणून ट्यूटर शोधायला निघाले. मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. चौदा उत्तरं आली, त्यातली अकरा कॅल्क्युलसच्या ट्यूटरची. एकीने लिहिलं, 'हिस्टरीला कसला ट्यूटर, पाठ करायची की!' आणि एका काकांनी हसरे चेहरे टाकून, 'अमेरिकेला इतिहास आहेच कुठे, जेमतेम अडीचशे वर्षं!'

काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे माहीत आहे. तुम्ही ज्या कायद्याच्या जोरावर ह्या देशात पाऊल ठेवलंत तो १९६५ चा. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला, त्याच वर्षी मतदानाच्या हक्काचा झाला, आणि त्यासाठी काळ्या माणसांनी रस्त्यावर लाठ्या खाल्ल्या. त्या आधी, १९२३ साली, भगतसिंग थिंड नावाच्या, अमेरिकन सैन्यात राहिलेल्या माणसाला इथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तू गोरा नाहीस, तुला नागरिक होता येणार नाही. आधी ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला लागले. इतिहास कुठे आहे म्हणे! तुमच्या ग्रीन कार्डाच्या खाली आहे, उचलून बघा.

असो. चार वाजता.

एका कोचिंगवाल्यांचा फुकट डेमो होता, झूमवर. ताशी १२० डॉलर, 'पाचची गॅरंटी.' हे ऐकूनच मला कराडच्या आमच्या क्लासची आठवण झाली. किराणा दुकानाच्या वर, पत्र्याखाली, चाळीस पोरं, आणि सरांच्या हातात अपेक्षित प्रश्नसंच. नववीत असताना त्यात एक रिकामी जागा होती. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ टिंब टिंब टिंब यांना अर्पण केला. सर म्हणाले, 'अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना. लिहिलं? पुढे.' एक मार्क. मला मिळाला होता.

तर हा डेमोवाला मुलगा, हुशार, चुणचुणीत, बोलायला गोड. लेकीने सरावाचा निबंध शेअर केला. प्रश्न असा होता की सिव्हिल वॉरनंतरच्या रिकन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे पुनर्बांधणीच्या, काळाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांचं आयुष्य कितपत बदललं. आणि बाहेरचा पुरावा म्हणून बाईसाहेबांनी काय लिहिलं होतं? की १८७३ साली पुण्यात जोतीराव फुले नावाच्या माणसाने आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं.

मीच सांगितलं होतं तिला. आदल्या रात्री मी पोळ्या लाटत होते आणि ती म्हणाली, 'आई, असं काहीतरी दे जे क्लासमध्ये दुसरं कोणीच लिहिणार नाही.' अमेरिकन इतिहासातलं मला काय येणार, कप्पाळ? एवढा एक मार्क येत होता, तो दिला.

त्या मुलाने ते वाक्य वाचलं. वाचलं म्हणजे काय, नजर फिरवली. स्क्रीनवर ते वाक्य निळं झालं आणि गेलं. मोजून चार सेकंद. मी कॅमेऱ्याच्या बाहेर लसूण सोलत होते, माझा हात तिथेच थांबला. तो म्हणाला, 'हे नको. फ्रीडमन्स ब्युरो लिही, ब्लॅक कोड्स लिही, शेअरक्रॉपिंग लिही. माझ्याकडे यादी आहे, प्रत्येक काळाचे पाच पुरावे, पाठ करून टाक.' (म्हणजे मुक्त झालेल्यांना मदत करणारं सरकारी खातं, त्यांना जखडणारे कायदे, आणि पिकाच्या वाट्यावर करायची शेती.) ती म्हणाली, 'पण हे खरं आहे.' तो म्हणाला, 'खरं असेल, पण टेस्टवर येत नाही.'

टेस्टवर येत नाही!! अरे, हे वाक्य मी मराठीतून ऐकलंय रे, पत्र्याखाली बसून! आमच्या क्लासमध्ये माझ्या शेजारी एक मुलगी बसायची, तिने हात वर करून विचारलं होतं, 'सर, पण अमेरिकेतल्या लोकांना का? त्यांचा काय संबंध?' आणि सर म्हणाले होते, 'पेपरात येत नाही. पुढे.' इतकी वर्षं गेली, सात समुद्र झाले, क्लासची फी महिन्याला वीस रुपयांवरून ताशी १२० डॉलर झाली, आणि वाक्य तेच. तिकडे त्याला अपेक्षित म्हणायचे, इकडे टेम्प्लेट म्हणतात. कॉम्प्लेक्सिटीचा मार्क मिळवायलासुद्धा त्याच्याकडे तयार वाक्य होतं. गुंतागुंतीचा विचार केल्याचा मार्क, आणि तो मिळवायचा पाठ केलेल्या वाक्याने!

मान्य, यादी लागते. घड्याळ लावून लिहायचं तर दोन-चार गोष्टी जिभेवर हव्यातच. आणि अभ्यासक्रमातल्या पहिल्या आणि शेवटच्या काळावर फार वेळ घालवू नको, त्यांना चार ते सहा टक्केच आहेत, हे त्याने सांगितलं तेही बरोबर आहे. नवरा तर त्याच्यावर खूश आहे. 'सिस्टिम आहे त्याच्याकडे,' म्हणतो. इंजिनिअरला सिस्टिम दिसली की तो विरघळतो.

कॉल संपला. लेकीने काही न बोलता कंट्रोल झेड दाबलं. वाक्य परत आलं.

(इथे लायब्ररीत वायफाय गेलं होतं. दहा मिनिटांनी पुढे लिहितेय. कान तिकडेच आहेत.)

ह्या बाई मला सापडल्या त्या इथल्याच संदर्भ विभागाच्या काउंटरवर. विचारलं तर तिथल्या माणसाने मागच्या कप्प्यातून एक हाताने लिहिलेलं कार्ड काढून दिलं. शाळेत हाच विषय कितीतरी वर्षं शिकवलेल्या, शिवाय जूनमध्ये हे पेपर तपासायला जायच्या. तपासनिसांना इथे रीडर म्हणतात. शब्द मला आवडला. ताशी ५० डॉलर, आणि अट एकच, आईवडिलांनी टेबलाशी बसायचं नाही.

तर आता त्या तेच पान वाचताहेत. कागदावर. प्रिंट आणायला सांगितलं होतं. बोट ओळीखाली ठेवून, सावकाश. मला इथून बोट दिसतंय. फुल्यांच्या ओळीवर थांबलं.

आता काट मारणार, असं वाटलं.

'हे कोण?' त्यांनी विचारलं. लेकीने सांगितलं, शाळा काढणारे, जातीविरुद्ध लिहिणारे. 'त्यांना आमच्याबद्दल कुठून कळलं असेल?' मिशनऱ्यांची शाळा, इंग्रजी पुस्तकं, असं काहीतरी ती म्हणाली. 'आणि हे आभार ते कोणाला ऐकू जावेत म्हणून मानताहेत? अमेरिकेत कोण वाचणार होतं ते?' लेक गप्प. मग हळूच म्हणाली, 'म्हणजे ते आपल्याच लोकांना ऐकवताहेत? बघा, त्यांनी केलं, तुम्ही पण करा?'

मी इकडे टायपायची थांबले.

बाईंनी विचारलं, 'कोणतं साल म्हणालीस? १८७३?' आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी लुइझियानातलं कोलफॅक्स सांगितलं. त्याच वर्षीचा ईस्टरचा रविवार. तिथल्या कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या काळ्या माणसांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला, शरण आलेल्यांनाही मारलं. काही जणांना शिक्षा झाली होती, ती १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवून लावली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या उरलेल्या फौजाही दक्षिणेतल्या सरकारांच्या पाठीशी राहिल्या नाहीत, रिकन्स्ट्रक्शन संपलं. म्हणजे पुण्यात एक माणूस ज्या वर्षी कौतुकाने आभार मानत होता, त्याच वर्षी इकडे हे चाललं होतं. लेकीच्या तोंडून नुसतं 'ओह' निघालं, ते मला तीन टेबलांवर ऐकू आलं.

आणि मग बाईंनीही तेच सांगितलं. 'ह्या उत्तरातून हे काढ. प्रश्न दक्षिणेत काय बदललं असा आहे. हा माणूस दक्षिणेबद्दल बोलत नाहीये, पुण्याबद्दल बोलतोय.'

म्हणजे निकाल तोच! तोच, हो. चारच्या पोराचंही बरोबर होतं, हे लिहिताना माझे दात करकरताहेत, पण लिहिते. फक्त त्याला चार सेकंद लागले आणि ह्यांना वीस मिनिटं. शेवटी काट लेकीने स्वतः मारली, पेनने, एक सरळ रेघ. आणि समासात बारीक अक्षरात 'कोलफॅक्स' लिहिलं.

खान अकॅडमी फुकट आहे, ही परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड मागचे प्रश्न नमुन्याच्या उत्तरांसकट साइटवर टाकतं, ट्यूटर लावणं हीच मुळात चैन आहे, हे मला कोणी सांगू नका. मला कळतं. आमच्या दोन गल्ल्या पलीकडच्या पोरांना ही चैन नाही, तेही कळतं. पण लावायचाच तर, बाईंनो, डेमोला निकालाचे आकडे विचारू नका. मुलाचा एक निबंध पुढे ठेवा आणि समोरचा माणूस तो कसा वाचतो ते बघत बसा, लसूण सोलत.

त्या शेजारच्या मुलीचं राहिलंच. तिने 'अमेरिकेतल्यांना का' विचारलं तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. मीपण. खरं तर हसण्यापेक्षा मी चिडले होते, कारण सात दहाची एसटी होती आणि हिच्या प्रश्नापायी सर दोन मिनिटं थांबले तर ती चुकली असती. सर काही थांबले नाहीत. एसटी मिळाली.

उठल्या त्या. ठेवते.

एडिट, रात्री साडेदहा: गाडीत लेकीने विचारलं, 'तुम्हाला हे सगळं शाळेतच शिकवायचे? यू आर सो लकी.' मी इंडिकेटर दिला आणि वळले.

एडिट २: इनबॉक्समध्ये बाईंचा नंबर मागणाऱ्या सगळ्यांना, त्या मेपर्यंत नवीन मूल घेत नाहीत. काका, तुम्ही नातीसाठी विचारलंत, तुम्हालाही तेच उत्तर. पण लायब्ररीच्या त्या कप्प्यात आणखी कार्डं होती, मी बघितली आहेत.