कोर्स आधी ठरवा, मागणी मागाहून सापडते

तुमच्या महाविद्यालयाला कौशल्याचा नवा कोर्स सुरू करायचा आहे आणि प्रस्तावात 'स्थानिक रोजगाराच्या मागणीचा अभ्यास' असा रकाना आलाय. घाबरू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, तेव्हापासून हे दुखणे आहे. परिसराला काय लागते ते बघा, जवळच्या उद्योगाला सोबत घ्या आणि मग अभ्यासक्रम आखा, असे त्यात अपेक्षित आहे. वाचायला छान आहे. तुम्ही मात्र उलट्या टोकाने सुरुवात करा, निम्मा त्रास वाचतो.

आधी स्टाफरूममध्ये नजर फिरवा. कार्यभार कुणाचा कमी पडतोय? भूगोलाचे सर अतिरिक्त ठरायच्या बेतात असतील तर कोर्स 'पर्यटन व्यवस्थापन'. वेरूळ-अजिंठा मराठवाड्यातच आहे ना? मग कॉलेज हिंगोलीतल्या सेनगावला असले म्हणून काय बिघडले! वाणिज्यच्या मॅडम मोकळ्या असतील तर टॅली. संगणक कक्षातली निम्मी यंत्रे बंद असतील तर 'डिजिटल मार्केटिंग', कारण ते मोबाईलवरही शिकवता येते. आणि यातले काहीच जमले नाही तर पेपर उघडा. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन पट्ट्यात इलेक्ट्रिक वाहनांचे मोठे प्रकल्प जाहीर झाले, तेव्हा नांदेडातल्या किनवटमध्ये बसूनही ईव्हीचा, म्हणजे इलेक्ट्रिक वाहनांचा, कोर्स काढता येतो. मधले अंतर तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, पण प्रस्तावात नकाशा जोडावा लागत नाही.

कोर्स ठरला की सर्वेक्षण. गूगल फॉर्म बनवा आणि बीएच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. प्रश्न असा हवा: 'कौशल्य विकास आजच्या काळाची गरज आहे असे आपणास वाटते का?' नाही म्हणणारे पोरगे अजून जन्माला यायचे आहे. 'तुला काय व्हायचे आहे' हे मात्र चुकूनही विचारू नका. निम्मे पोलीस भरती लिहितील, उरलेले एमपीएससी, आणि तुमचा सुंदर पाय-चार्ट हातचा जाईल.

प्रत्यक्ष गावात जायचा आग्रह कुणी धरलाच तर मुहूर्त नीट निवडा. बीड जिल्ह्यातला धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार हा भाग असेल तर नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम. ज्यांना रोजगाराबद्दल विचारायचे ते सगळे तेव्हा मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेले असतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे. म्हातारी बिचारी तुमचा फॉर्म अंगठा लावून देतात, उलट प्रश्न विचारत नाहीत. 'गावात बेरोजगार तरुण आढळले नाहीत' असे तुम्हाला अगदी खरे-खरे लिहिता येईल.

आता उद्योगांशी संपर्क. इथे एमआयडीसीतला एखादा ओळखीचा मालक लागतो, शक्यतो संस्थेच्या संचालकांचा पाहुणा. शाल, श्रीफळ, सामंजस्य करार, फोटो. करार वाचत बसू नका, नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या परिषदेच्या, फाइलला पहिले पान आणि सह्यांचे पान पुरते. मालकाला 'किती माणसे लागतील?' असे विचारा. तो म्हणेल, पन्नास पाठवा. लगेच लिहून घ्या आणि चहा संपवून उठा. कारण तुम्ही अजून पाच मिनिटे बसलात तर तोंडातून निघून जाईल, 'पगार किती?' मग कळेल की ती पन्नास माणसे ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत, सहा-सात महिन्यांत सोडून जातात, म्हणून दरवर्षी पन्नास लागतात. गेलेल्याची जागा भरणे वेगळे आणि नवीन काम निघणे वेगळे, हा भेद एकदा का डोक्यात शिरला की प्रस्ताव लिहून होत नाही. आमच्या पाहण्यातला एक समन्वयक असाच विचारत बसला. त्याच्याकडे आता परीक्षा विभाग आहे.

पुरवठा मोजायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. तालुक्यातली आयटीआय दरवर्षी किती वायरमन-फिटर बाहेर काढते, बसस्टँडसमोरच्या गाळ्यात २००१ पासून एमएससीआयटीच्या किती बॅचेस झाल्या, टॅली शिकलेली किती पोरे आडत दुकानात तोंडी हिशोब करतात, हे आकडे शेजारच्या संस्थेचे आहेत. दुसऱ्याच्या घरात डोकावणे बरे दिसत नाही.

सगळ्यात मोठा धोका चहाच्या टपरीवर असतो. तुम्ही नॅकच्या चर्चेत रंगलेले असता आणि शेजारचा मोटर वायंडिंगवाला बोलायला लागतो, "सर, हाताखाली गडी मिळना झालाय. तुमचे पोरं नेमकं काय शिकायलेत?" हसून विषय बदला. एकदा कान उघडे ठेवले की थांबता येत नाही. बोअरची गाडी तमिळनाडूच्या पासिंगची का असते, सोयाबीन काढायला हार्वेस्टर आणि त्याचा ड्रायव्हर पंजाबातून का येतो, जालन्याच्या स्टीलच्या भट्टीवर बिहार-उत्तर प्रदेशची माणसे का दिसतात, असले प्रश्न रात्री झोपू देत नाहीत. शेतोशेत सौर पंप बसले. बसवणारी टोळी बाहेरची, ती निघून गेली, आता कंट्रोलर बंद पडला की ऐन हरभऱ्याच्या पाण्यात शेतकरी तक्रारीचा नंबर लावत बसतो. साखर कारखान्याला बॉयलरवर प्रमाणपत्रवाला अटेंडंट कायद्यानेच लागतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिच्यातले कुरकुमिन तपासायला शिकलेले पोरगे हवे असेल तर व्यापाऱ्याने कुठे जायचे? लातूरच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडणारे सॉर्टेक्स मशीन बिघडले की बाहेरचा इंजिनिअर येईपर्यंत माल थांबतो.

यातले काहीही प्रस्तावात घालू नका. घातले तर मशीन घ्यावे लागेल, हात काळे झालेला मिस्त्री वर्गात उभा करावा लागेल, आणि त्याच्याकडे प्राध्यापकीला लागणारी नेट-सेट नसते. त्याला तासिका तत्त्वावर मानधन काढायला गेलात तर कॅशिअर त्याची पदवी मागेल. शिवाय मिस्त्री वेळेवर येतो. त्याने स्टाफरूमचे वातावरण बिघडते.

मुलींचा विचार केला आहे असे दाखवायला ब्यूटी पार्लर आणि फॅशन डिझाइन घाला. वर्ग दुपारी चार ते सहा ठेवा. गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला आहे, हे वेळापत्रक समितीच्या अखत्यारीत येत नाही.

वर्षअखेरीस प्लेसमेंटचा तक्ता मागतील. इथेच नवखे अडखळतात, वास्तविक तो सगळ्यात सोपा भाग आहे. बापाच्या किराणा दुकानात बसलेला 'स्वयंरोजगार'. चाकणला गेटवर बारा तास उभा असलेला 'सेवा क्षेत्र'. बायकोला घेऊन कोयत्यावर गेलेला 'हंगामी कृषी-प्रक्रिया उद्योग', तोही जोडीने, म्हणजे दोन नोंदी. कोर्स अर्धा टाकून लग्न होऊन गेलेल्या मुलींसाठी वेगळा रकाना नाही. त्यांना 'उच्च शिक्षणासाठी प्रवेश' मध्ये टाका, सासरी जाऊन कुणी पडताळत नाही.