कोंबडीचे पाय इंजेक्शनने नाही, ओल्या तुसाने जातात

परत तोच फॉरवर्ड आला, यावेळी भावकीच्या ग्रुपवर. "ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं मारतात म्हणून ती ४० दिवसांत फुगते, आयुष्यभर पिंजऱ्यात सडते, उभी राहत नाही आणि तळपायावरचे काळे डाग ही इंजेक्शनचीच खूण, गावठीला असं कधी होत नाही." माझी स्वतःची ५००० पक्ष्यांची शेड आहे त्यामुळे गप्प बसवेना.

आधी इंजेक्शन. ग्रोथ हार्मोन हे प्रोटीन, खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाणार, म्हणजे टोचायलाच लागणार आणि तेही परत परत. ५००० पक्षी रोज धरून टोचणार कोण, मी आणि बायको? कंपनीकडून पक्षी वाढवल्याबद्दल किलोमागे जे ग्रोइंग चार्ज मिळतं त्यात तूस आणि लाइटबिल निघालं तरी खूप झालं. वाढ होते ती जातीमुळे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात १९५७ सालच्या जातीचे आणि २००५ सालच्या जातीचे पक्षी एकाच खाद्यावर वाढवले, तर ५६ दिवसांनी जुनी जात ९०५ ग्रॅम आणि नवी ४ किलो २०० ग्रॅम. खाद्य तेच, जात वेगळी, विषय संपला.

पिंजऱ्याचं म्हणाल तर तुम्ही बघता तो चिकनच्या दुकानातला पिंजरा, नाहीतर अंड्यांच्या फार्मचा. ब्रॉयलर आपल्याकडे बहुतेक सगळीकडे जमिनीवर, तुसावरच वाढतात.

आता ते काळे डाग, कारण खरी गंमत इथेच आहे. विष्ठेतल्या युरिक अॅसिडपासून जिवाणू अमोनिया बनवतात आणि तूस ओलं असेल तर तो जोरात बनतो. पक्षी जड, दिवसातला बराच वेळ बसूनच असतो, मग तळव्याची कातडी ओलीत भिजून मऊ पडते, खरवडते, जखम होते आणि तिच्यावर काळी खपली धरते. घोट्यावर पण तसेच भाजल्यासारखे डाग पडतात. आणि ओल येते कुठून तर गळणारं निपल (पक्षी ज्यातून पाणी पितो ती तोटी), पक्ष्याच्या छातीच्या खाली लावलेली ड्रिंकरची म्हणजे पाण्याची लाइन, पावसाळ्यात पिल्लांना गार लागेल म्हणून गच्च बंद केलेले शेडचे पडदे, कधी कॉक्सीची, म्हणजे आतड्यातल्या परजीवीच्या रोगाची, हगवण. आमची एक जुलैची बॅच मी अशीच घालवली, पडदे उघडायला घाबरलो आणि आठवड्यात लिटरची, म्हणजे खाली अंथरलेल्या तुसाची, पोळी झाली. तेव्हापासून मूठभर तूस दाबून बघतो, लाडू वळला की तिथलं काढायचं, कोरडं टाकायचं, रोज रेकिंग करायचं, म्हणजे तूस उकरून हलवायचं. वासावर मात्र विसंबू नका, आपल्या नाकाला सवय होते, पाहुण्याचे डोळे चुरचुरले की समजायचं. युरोपात तर जास्त दाटीने पक्षी ठेवायचे असतील तर २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) वर अमोनिया चालतच नाही.

"उभी राहत नाही" हे मात्र पूर्ण खोटं नाही, इथे मी भांडणार नाही. ब्रिटनमध्ये ५१,००० पक्षी चालवून बघितले, २००८ ला ते छापून आलं, साधारण ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्क्यांची चाल खराब होती आणि ३.३ टक्के जवळपास चालूच शकत नव्हते. जात तर कारण आहेच, मांस चढतं तेवढ्या वेगाने हाडं पक्की होत नाहीत. पण रात्रभर लाइट आणि गर्दी ही आपल्या हातातली गोष्ट. युरोपातल्या नियमात २४ तासांत किमान ६ तास अंधार लागतो, त्यातले ४ तास सलग. आपल्याकडे अजून कितीतरी जण रात्रभर बल्ब ठेवतात, का तर पक्षी खात राहील आणि वजन येईल. येतं वजन, पण लंगडेही त्याच बॅचमध्ये निघतात.

बोंब मारायचीच असेल तर अँटिबायोटिकवर मारा की, २०१९ ला कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला सरकारने बंदी घातली ती उगाच नाही.

राहिली गावठी. आमच्या आईची एक कोंबडी गेल्या आषाढात ओल्या खुराड्यात राहून तळव्याला गाठ येऊन लंगडत होती. तिला इंजेक्शन कुणी मारलं ते ग्रुपवर विचारलंय, दोन निळ्या टिका आल्यात.