रांगेत उभे राहा म्हणे!

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या चौक पेटलाय. कुणीतरी फोटो टाकला: लाल दिवा, गाड्यांच्या फटींतून पुढे सरकलेल्या दुचाकी आणि त्यांच्या चाकांखाली दिसेनासं झालेलं झेब्रा क्रॉसिंग. खाली मजकूर, 'आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाहीच. परदेशात बघा, बाइकवालासुद्धा गाडीच्या मागे गाडीसारखा गप उभा राहतो.' लगेच दोन तट पडले. एकाला दंड दसपट हवा, दुसऱ्याला आधी खड्डे बुजवून हवेत. मग मला टॅग करण्यात आलं, 'सांग रे, तिकडे कसं असतं ते.'

सांगतो. तिकडे, म्हणजे इथे ॲरिझोनात, बाइकवाला गाडीच्या मागे गप उभा राहतो हे अगदी खरं. उभा असताना त्याचा जीव मुठीत असतो, हेही तितकंच खरं. ते फोटोत येत नाही एवढंच.

संध्याकाळी कामावरून पूर्वेला घरी निघालं की सूर्य पाठीशी असतो. माझ्या डोळ्यांना त्रास नाही, पण समोरून येऊन डावीकडे वळायला टपलेल्याच्या थेट डोळ्यांत ऊन. एका दिशेला तीन लेन, वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर, आणि मर्यादा पाळणारा माणूस शोधून सापडत नाही. दिवा लाल होतो, मी थांबतो आणि माझ्या लेनमध्ये माझ्या मागे कुणीच नसतं. मग आरशात एक पिकअप उगवतो. त्याचं नाक माझ्या हेल्मेटच्या उंचीचं. तो मोठा होत जातो. ब्रेक लागला की गाडीचं नाक किंचित खाली दबतं. ते दबेपर्यंत माझी नजर आरशावर, गिअर पहिला, क्लच दाबलेला आणि पुढचं चाक समोरच्या गाडीच्या मागे नाही, तर तिच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीकडे रोखलेलं. नाक दबलं की मी श्वास सोडतो. दबलं नाही तर मला पुढे निघून जायला जागा हवी.

ग्रुपवरच्या शिस्तप्रेमी मंडळींनी ज्याचे गोडवे गायले, ते 'गप उभं राहणं' हे असं असतं.

आता खरी गंमत. ज्या फटींतून घुसण्यावरून आपल्याकडे एवढा त्रागा चाललाय, ते घुसणं ॲरिझोनाने २०२२ मध्ये कायदेशीर करून टाकलं. अटी आहेत: एका दिशेला किमान दोन लेन, वेगमर्यादा ४५ मैलांपर्यंत, गाड्या पूर्ण थांबलेल्या आणि बाइकचा वेग १५ मैलांच्या आत. युटाने हे २०१९ मध्येच केलं होतं, कोलोरॅडोने २०२४ मध्ये केलं. कॅलिफोर्नियात तर चालत्या गाड्यांमधून जाण्यालाही कायद्याने मान्यता आहे. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता, की थांबलेल्या बाइकला मागून येणाऱ्या गाडीपासून वाचवायचं तर तिला दोन गाड्यांच्या मध्ये जाऊ द्या. बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बाइक अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघाताच्या वेळी फटीतून जात असलेल्यांपैकी २.६ टक्क्यांना मागून धडक बसली होती, बाकीच्यांमध्ये ४.६ टक्क्यांना.

म्हणजे आपल्याकडचा बंड्या कायद्याची कलमं न वाचता जे करतो, ते इथल्या विधिमंडळांनी समित्या बसवून मान्य केलं. हे मी ग्रुपवर टाकलं तेव्हा शिस्तवाले पाच मिनिटं गप्प होते. नंतर आमच्यातल्या एका इंजिनिअरने अमेरिकेच्याच सरकारी आकड्यांतून उत्तर शोधून आणलं: दोन वाहनांच्या जीवघेण्या अपघातांत मागून धडक बसलेल्या बाइक जेमतेम ७ टक्के असतात. बरोबर आहे. त्याच आकड्यांत असंही आहे, की अशा अपघातांत चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा दुसरी गाडी डावीकडे वळत होती आणि बाइकवाला सरळ जात होता किंवा ओव्हरटेक करत होता. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, तेव्हा आपल्याकडे हाच धोका उजव्या वळणाचा. म्हणून दिवा हिरवा झाल्यावर एक श्वास थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मग निघायचं. आपल्या सिग्नलवर उलटे आकडे दिसतात, पाच दिसला की सगळे हॅन्डलवर ओणवे होतात आणि तीनला अर्धा चौक पार झालेला असतो. आडव्या रस्त्यावरचा शेवटचा टेम्पो त्याच तीन सेकंदांत पिवळा साधत असतो. इथे असा आकडा नसतो. त्यामुळे लोक शहाणे होतात असं नाही, मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात आणि मागच्याने हॉर्न दिल्यावर निघतात.

मागून बसणाऱ्या धडकेबद्दल मात्र आपल्या आकड्यांचं बोलणं वेगळं आहे. केंद्राच्या अहवालात २०२२ साली सगळ्या अपघातांत हाच प्रकार सर्वांत वरचा होता, सुमारे २१ टक्के. त्या वर्षी देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची. यातली किती चौकात थांबलेली होती हे मी सांगू शकत नाही, पण आपल्या वादात मागचा विषयच निघत नाही हे सांगू शकतो. पांढरी रेघ, झेब्रा, दंड, कॅमेरा... सगळ्यांचं बोट पुढे.

झेब्र्याची बाजू मी घेणार नाही, गैरसमज नको. चालणाऱ्याची जागा चालणाऱ्याची. पुढे घुसण्याचेही दोन प्रकार आहेत आणि त्यातला एक निव्वळ आत्मघात आहे. डंपरच्या किंवा बसच्या डाव्या बाजूने सरकत जाऊन तिच्या बंपरला चिकटून उभं राहायचं. ड्रायव्हर उंचावर बसलेला, त्याच्या काचेच्या खालच्या कडेखाली काय आहे हे त्याला दिसतच नाही. दिवा सुटला आणि तुमची गाडी बंद पडली, की त्याच्या लेखी तुम्ही तिथे नाहीच. डावीकडे वळताना तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, आणि आत तुम्ही असता. मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरचा चेहरा तिच्या आरशात दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. कारच्या फटीतून जा, ट्रकच्या बगलेत थांबू नका. एवढं एक वाक्य कुणी होर्डिंगवर लावलं असतं तर मी ग्रुपमधल्या त्या शिस्तवाल्यांना मनापासून हात जोडले असते.

पण ग्रुपवर पुढची लढाई जुंपली ती भलत्याच मुद्द्यावर: सिग्नलला गाडी न्यूट्रलला टाकायची की गिअरमध्ये ठेवायची? त्यातून इंजिन बंद करावं का. दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम निघाली होती, तिचा दाखला आला. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो, सगळं मान्य. माझं म्हणणं एवढंच, की आधी तुमच्या मागे दोनतीन वाहनं येऊन पूर्ण थांबू द्या. ती थांबली की तीच तुमची भिंत. मग न्यूट्रल करा, बंद करा, पाय मोकळे करा. तोपर्यंत पहिला गिअर. चौथ्या गिअरमध्ये येऊन थांबायचं आणि हिरवा झाल्यावर खटखट पाय आपटत पहिला शोधायचा, ही सवय मी इथे मोठमोठ्या हार्लेवाल्यांमध्येही पाहिलीय, तेव्हा तीही काही खास आपली नाही. थांबताना डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवर, म्हणजे मागचा लाल दिवा जळत राहतो. लेनच्या मधोमध गाड्यांचं तेल गळलेलं असतं, तिथे पाय टेकला तर सटकतो, म्हणून चाकांच्या पट्टीत थांबावं. इथे आणखी एक कारण आहे, गाडी ओळखणारी तार (लूप) पुरायला डांबरात कापलेल्या रेघेवर चाक आणलं नाही तर सिग्नलला बाइक कळतच नाही आणि रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात आपण ताटकळत बसतो.

आणि मुळात आपल्याकडच्या कितीतरी लोकांना गिअर नाहीच. स्कूटर आहे. पुढे उभं केलेलं पोर ॲक्सिलरेटर पिळतं, गाडी उडी मारते आणि समोरच्या रिक्षात जाते. स्कूटरवाल्याने थांबल्यावर ब्रेकची मूठ सोडायची नाही, हे न्यूट्रलवर दोनशे मेसेज करणाऱ्यांपैकी एकालाही सुचलं नाही.

माझा खरा संताप आहे आरशांवर. गेल्या वेळी आलो तेव्हा सिग्नलला थांबून आजूबाजूला बघत होतो. एक आरसा आत वळवलेला, एक आकाशाकडे बघतोय, एकाची नुसती दांडी, आणि शेजारच्या तरुणाच्या नव्याकोऱ्या बाइकला दोन्ही बाजूंना रबरी बुचं. फटीतून जाताना अडकतात म्हणून काढले असावेत. कायद्याने आरसा लागतो, गाडी विकत घेताना मिळतो, आणि तरी. ज्यातून मागचा पिकअप किंवा मागची एसटी दिसणार, तेच पहिलं काढून टाकायचं आणि मग नशिबावर हवाला. एबीएस आला, दिवसाही जळणारा हेडलाइट आला. आरशात बघणं मात्र कारखान्यातून बसवून येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा तिकडे बसून शहाणपणा शिकवतोय. म्हणालेच. न्यूट्रलच्या लढाईत मी दोन ओळी लिहिल्या तर 'तुला इथलं ट्रॅफिक काय माहीत' असं उत्तर आलं. ज्याने मला टॅग करून साक्षीला बोलावलं होतं, त्यानेच. परदेशातला माणूस हा असा साक्षीदार असतो: 'तिकडे सगळं छान आहे' एवढं सांगितलं की त्याची साक्ष ग्राह्य, तिकडचं वाईट सांगितलं तर हा विषय बदलतोय, आणि इकडचं वाईट सांगितलं तर ह्याला काय कळतंय.

तर तिकडचं वाईटही सांगून टाकतो. आपल्याकडे हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्यांना ॲरिझोना स्वर्ग वाटेल. इथे अठरा वर्षांवरच्याला हेल्मेट सक्तीचं नाही. शनिवारी सकाळी स्कॉट्सडेलच्या सिग्नलला पंचाऐंशी वयाच्या आजोबांच्या भुवईला घाम, डोक्याला रुमाल. अमेरिकेत २०२३ मध्ये ६,३३५ मोटरसायकलवाले गेले, रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंच्या १५ टक्के, आणि नोंदलेल्या वाहनांत मोटरसायकली फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. स्वातंत्र्य वगैरे ठीक आहे. मी हेल्मेट घालतो, बक्कल लावून. कोपराला अडकवलेलं हेल्मेट कोपर वाचवतं, ही आपल्याकडची सोय इथे नाही, कारण इथे न घालणारा ते घरीच ठेवून येतो.

एक गोष्ट मात्र या आकड्यांत येत नाही. आपल्याकडे सिग्नलला थांबलं की आपण घोळक्यात असतो. डावीकडे कुणीतरी, उजवीकडे कुणीतरी, गुडघ्याला गुडघा. कुणी पत्ता विचारतो, कुणी 'स्टँड वर घ्या हो' म्हणून खुणावतो, मागे बसलेली आजी माझ्या बॅगेची उघडी चेन लावून देते. मागून येणाऱ्याला एक दुचाकी दिसत नाही पण चाळीस दिसतात, हा त्यातला सुरक्षेचा भाग. दुसरा भाग सुरक्षेचा नाही. इथे बाइकवाले एकमेकांना डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात, मीही दाखवतो, पण तो हात वाऱ्याच्या वेगाने निघून जातो. सिग्नलला तिन्ही लेनमध्ये काचा बंद असतात. त्या काचांमागून माझ्याकडे कुणी बघत नाही याची मला भीतीही वाटते आणि, आता लिहायलाच बसलोय तर, वाईटही वाटतं.

आणि आपल्याकडे आलो की मी घोळक्यातला राहिलेलो नसतो. थांबताना समोरच्यापासून सवयीने अंतर सोडतो, त्या अंतरात दोन ॲक्टिवा येऊन बसतात. मी पुन्हा अंतर सोडायला जागा शोधतो. मागे बसलेला धाकटा भाऊ पाठीत कोपर मारतो, 'दादा, पुढे घे ना, पाहुण्यासारखा काय थांबलायस?' त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं.

भाचीने आता लायसन्स काढलंय. आरटीओत आठ काढायला लावला, तिने सुरेख काढला, पाय न टेकता. थांबायचं कसं, थांबल्यावर कुठे बघायचं, हे कुणी विचारलंच नाही. इथे एमएसएफचा, म्हणजे मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशनचा, कोर्स केला की एमव्हीडीकडची, म्हणजे इथल्या आरटीओची, बाइकची परीक्षा माफ होते, आणि त्या कोर्सात पार्किंग लॉटमध्ये शिकवतात, की थांबलात तरी पहिल्या गिअरमध्ये राहा आणि आरशात बघत राहा. तिला मी हे व्हिडिओ कॉलवर सांगत होतो. तिने ऐकून घेतलं, नवी स्कूटर दाखवायला कॅमेरा फिरवला, आणि मी आरशांबद्दल विचारायच्या आत म्हणाली, 'आहेत मामा, दोन्ही आहेत. पण डावा जरा आत घ्यावा लागतो, नाहीतर आमच्या जिन्याखाली गाडी बसत नाही.' मी म्हटलं, रोज बाहेर काढलीस की पुन्हा उघडायचा. 'हो,' म्हणाली. आता मी रोज मेसेज करून विचारतो, आणि तिच्या आईचं म्हणणं आहे की मी फार कटकट करतो.